संसारांतील शास्त्र : आधीं शोधन, मग रसायन

घरांतील एकादी वस्तु जुनी होऊन थकली म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ती काढून टाका. दुसरा म्हणतो, तिच्यांत नवें बळ भरा. तिला झालें आहे तरी काय तें आधीं पाहूं, असें म्हणणारा तिसरा पक्ष सहसा निघत नाहीं; आणि निघालाच तर त्याचें ऐकण्यास कोणास सवड नसते. या महिन्याच्या सदरांत आम्ही त्या तिसऱ्या पक्षाचें वकीलपत्र घेणार आहों. मात्र वकील म्हणून उभे राहिलेले आम्हीच या खटल्यांत आरोपी कसे ठरलों, तेंही सांगणें प्राप्त आहे. तें लपविल्यास पुढील सर्व उपदेश पोकळ ठरेल.

प्रसंग असा घडला. गेल्या कार्तिकांत तुळशीचें लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली होती. कल्याणचें एक कार्य आटोपून आमचा पुतण्या, सूनबाई, वहिनी व आम्ही असे चौघे रात्रीं नाशिकास परत येत होतों. गाडी घरची जुनी, प्रीमिअर पद्मिनी, आमच्या कै. वडील बंधूंनीं १९८६ सालीं घेतलेली. कसाऱ्याचा घाट निम्मा चढून होतो न होतो, तोंच ती धापा टाकूं लागली. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आली, दुसऱ्यावरून पहिल्यावर आली, आणि शेवटीं एका वळणावर पाणी उकळून उभी राहिली. मागें मालमोटारींची रांग, त्यांचे भोंगे, घाटांतील थंडी, आणि मागच्या बैठकीवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वहिनी शाल लपेटून बसलेल्या. पाणी निवेपर्यंत पाऊण तास तेथें काढावा लागला. त्या पाऊण तासांत पुतण्या एक शब्द बोलला नाहीं. घरीं आल्यावर बोलला तो इतकेंच :

"काका, आतां दोनच गोष्टी. एक तर इंजिनाची ताकद वाढवून घेऊं, नाहीं तर गाडी भंगारांत देऊं. आईला पुन्हां असें रस्त्यावर बसवणार नाहीं."

वहिनी शाल घडी करीत होत्या. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एकदां नीट बघा. यांच्या वेळीं हीच गाडी सहा माणसें घेऊन हाच घाट चढत होती. घाट कांहीं उंच झालेला नाहीं."

यंत्रशास्त्राची पुष्कळ पुस्तकें चाळून जें हातीं लागलें नसतें, तें या एका वाक्यांत आहे. घाट तोच, गाडी तीच. मग उणें झालें तें काय, हाच प्रश्न. 'अधिक बळ कसें आणावें' हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

या गाडीची वंशावळ थोडक्यांत सांगितली पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही मोटार तयार होऊं लागली. १९७४ पासून तीच 'प्रीमिअर पद्मिनी' या नांवानें विकली गेली, आणि २००१ च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली होती. टॅक्सीस घातलेली वीस वर्षांची मर्यादा भरतांच, ऑक्टोबर २०२३ अखेर, तीही रस्त्यावरून गेली. घरगुती पद्मिनी मात्र आमच्या नाशकांत व इतर गांवीं अद्याप कोठें कोठें जपलेली आढळते.

तिचें इंजिन चार सिलिंडरांचें. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. चारहींची मिळून पोकळी १०८९ घनसेंटिमीटर, म्हणजे देवघरांतील एका मोठ्या तांब्याएवढी. मिनिटास ४८०० फेरे घेत असतां तें सुमारें ४० अश्वशक्ति देतें. गाडीचें वजन सुमारें ९०० किलो.

आतां एवढ्याशा तांब्यांतून बळ येतें कोठून? आमच्या वाचकभगिनींस हें सांगावें लागणार नाहीं. चूल पेटत नसली म्हणजे अनभ्यस्त माणूस तींत आणखी लांकडें कोंबतो आणि घरभर धूर करतो. जाणती बाई राख ओढते, लांकडें सैल करते आणि फुंकणी घेते. अग्नीस काष्ठ लागतें, पण त्याहून अधिक वायु लागतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १५ ग्रॅम हवा लागते. या हिशेबानें एक लिटर पेट्रोलामागें इंजिन सुमारें ९ हजार लिटर हवा गिळतें. म्हणून इंजिनाचें बळ म्हणजे त्यानें ठराविक वेळांत किती हवा आंत घेतली, ती किती घट्ट दाबली, आणि योग्य क्षणीं कशी पेटविली, याचा हिशेब होय. बळ वाढविण्याचे जेवढे उपाय जगांत आहेत ते सर्व या तीन गोष्टींत बसतात. आणि बळ नाहींसें होण्याचीं कारणेंही बहुतेक याच तीन वाटांनीं येतात.

घाटास बळ किती लागतें, हेंही पाटीवर मांडून पाहूं. ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलणें म्हणजे एक अश्वशक्ति. गाडी, चार माणसें व सामान मिळून १२०० किलो धरूं. चढ पंधरास एक मानूं, आणि वेग ताशीं ४० किलोमीटर. म्हणजे गाडी सेकंदास ११ मीटर पुढें जाते आणि सुमारें पाऊण मीटर वर चढते. १२०० किलो पाऊण मीटर उचलण्यास १२ अश्वशक्ति लागली. चाकांचें घर्षण व हवेचा अडथळा यांस तीन धरल्या, आणि गिअरांतून चाकांपर्यंत जातांना वाया जाणारा अंश मिळविला, म्हणजे इंजिनानें सुमारें १७ दिल्या पाहिजेत. ४० कोठें आणि १७ कोठें, असें कोणी म्हणेल. परंतु ४० ही ४८०० फेऱ्यांवरची कमाई आहे; घाटांत आपण तीन हजारांच्या आसपास असतों, आणि तेथें हें इंजिन सुमारें पंचवीस देतें. म्हणजे निरोगी इंजिनास घाट चढून कांहीं शिल्लक उरते; पण त्याचा एक तृतीयांश नाहींसा झाला कीं शिल्लक शून्य. घाटमाथ्यास समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंची असल्यानें तेथील हवा विरळ; त्यामुळें शेंकडा पांच-सहा बळ निरोगी इंजिनाचेंही कमी होतें. आमची गाडी त्या रात्रीं या हिशेबाच्या काठावरून खालीं पडली होती.

येथें एक गोष्ट नवशिक्या चालकांस सांगून ठेवतों. खालच्या गिअरवर येणें ही नामुष्की नव्हे. कसारा ते इगतपुरी रेल्वेचा चढ ३७ स १ आहे, आणि तेथें भरल्या गाडीस मागून जादा इंजिनें लावून वर ढकलण्याची वहिवाट फार जुनी आहे. लोखंडी रुळांवरून जाणाऱ्यांनीं जो घाटाचा मान ठेविला, तो आपण ठेवण्यास हरकत नाहीं.

इकडे पुतण्यानें एका गॅरेजकडून अंदाज मागविला होता. ब्लॉक बोअर करून मोठे दट्टे घालावयाचे, हेड घासून दाब वाढवावयाचा, दोन कार्बुरेटर बसवावयाचे, आणि ताकद दीडपट होईल असें आश्वासन. रक्कम अशी होती कीं ती ऐकून वहिनींनीं दिव्याची वात सारखी करण्याचें निमित्त करून देवघर गांठलें.

वैद्यकशास्त्राचा नियम आहे कीं रसायनाच्या आधीं शोधन करावें. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाहीं, तद्वत् दूषित देहास पौष्टिक औषध लागू पडत नाहीं. आम्हीं पुतण्यास म्हटलें, "पंधरा दिवस दे. शोधन करूं, मग तुझें रसायन." मुंबई नाक्याकडील एक जुना मिस्त्री या गाड्या ओळखणारा, त्याच्याकडे आम्ही दोघे गाडी घेऊन गेलों.

मिस्त्रीनें हत्यार हातीं घेण्यापूर्वीं गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्यें हातानें ढकलून पाहिली. ती जड गेली. जॅकवर चढवून चाकें फिरविलीं, तेव्हां मागचें एक चाक ब्रेकच्या लायनरांस घासून जाम होत असल्याचें दिसलें. इंजिन बिचारें घाट चढत होतें आणि शिवाय आपलाच ब्रेक ओढीत होतें. वाचकांनीं ही परीक्षा घरीं करून पाहावी : दहा-पंधरा किलोमीटर जाऊन आल्यावर चारी चाकांच्या मध्यभागीं हात जवळ नेऊन पाहावा. एकच चाक अधिक तापलें असेल तर दोष इंजिनांत शोधूं नये. तसेंच टायरमधील हवा, आणि क्लच घसरतो कीं काय, हेंही आधीं पाहावें. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं, तर क्लच प्लेट झिजली आहे. तेथें इंजिनास दुप्पट बळ दिलें तरी तें वाटेंतच जाळून टाकलें जाईल.

नंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजला. तिघांत १३० पौंडांच्या आसपास, आणि तिसऱ्यांत अवघा ८५. मग त्यानें त्या सिलिंडरांत चमचाभर तेल सोडून दाब पुन्हां मोजला. तेलानें दाब वाढला असता तर दोष दट्ट्याच्या रिंगांचा. कारण तेल फटी बुजवितें. येथें दाब होता तेवढाच राहिला, म्हणून दोष झडपेचा. किती साधी आणि किती सुंदर परीक्षा! तर्कशास्त्रांत यास अन्वयव्यतिरेक म्हणतात. हेड उतरवून पाहतां तिसऱ्याची धुराची झडप एका अंगास जळलेली निघाली, आणि हेडच्या आंत कार्बनचे थर दिसले.

"झडप जळली कशानें?" आम्हीं विचारलें.

मिस्त्रीनें उत्तर न देतां डिस्ट्रिब्यूटरवरील खुणेवर बोट ठेवलें. "मास्तर, हा कोणी फिरवला?"

आम्हीं पुतण्याकडे पाहिलें, पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. तो आम्हीं फिरविला होता. चार वर्षांपूर्वीं चढावर इंजिन खडखड वाजूं लागलें. ठिणगी लौकर पडते म्हणून खडखड होते, असें आम्हीं वाचलें होतें. तेव्हां एका रविवारीं आपल्या ज्ञानाचा उपयोग करावा म्हणून आम्हीं स्वहस्तें डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून ठिणगी मागें नेली. खडखड थांबली, आणि आम्ही धन्य झालों. खडखडीचें खरें कारण हेडमधील कार्बन हें होतें. निखाऱ्याप्रमाणें तापलेला तो कार्बन मिश्रणास भलत्या वेळीं भडकवीत होता. आम्हीं रोग तसाच ठेवून रोग्याचें तोंड तेवढें बंद केलें. उशिरा पडलेल्या ठिणगीनें मिश्रण उशिरा जळतें. दट्टा खालीं ढकलण्याऐवजीं ती उष्णता पाण्यांत आणि धुराच्या वाटेंत जाते. बळ घटलें, पाणी उकळलें, झडप जळली : तिन्हींचें मूळ एकच, आणि तें आमच्या हातांत होतें. घाटांतल्या त्या पाऊण तासांत ज्यानें मान खालीं घातली तो पुतण्या होता. घालावयास हवी होती ती आम्हीं.

उरलेला दोष कालमानाचा निघाला. अलीकडे पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉलाच्या लिटरांत पेट्रोलाहून सुमारें एक तृतीयांश उष्णता कमी, आणि जळण्यास हवाही कमी लागते. नव्या गाड्यांतील यंत्रणा हें ओळखून आपोआप इंधन वाढविते. आमचा जुना कार्बुरेटर पूर्वीच्याच मापानें देत राहतो, म्हणून मिश्रण पातळ होतें. मिस्त्रीनें मुख्य जेट एक माप मोठें घातलें आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलल्या. कारण इथेनॉलानें तें रबर फुगून तडकतें, आणि त्यांतून आगीचा धोका संभवतो. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकानें या नळ्या तरी अवश्य पाहाव्या. इथेनॉल पाणी शोषून घेतें, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवूं नये, हेंही ध्यानांत असावें.

झडप नवी बसविली, बाकीच्या घासून बसत्या केल्या, कार्बन खरवडला, टॅपेटचें अंतर पुस्तिकेप्रमाणें ठेविलें, ठिणगीची वेळ दिव्याच्या यंत्रानें लाविली, हवेची गाळणी बदलली, रेडिएटर धुतला, ब्रेक मोकळे केले. गॅरेजनें सांगितलेल्या रकमेच्या पांचव्या हिश्श्यांत हें सर्व झालें.

आतां रसायनाविषयीं. पुतण्याचें मन दुखवूं नये म्हणून नव्हे, तर विषयास न्याय मिळावा म्हणून तेंही पाटीवर मांडतों. सिलिंडर ६८ चे ६९ मिलिमीटर केले तर पोकळी १०८९ ची ११२२ होते, म्हणजे शेंकडा तीनच वाढली. हेड घासून दाबाचें प्रमाण साडेसातावरून साडेआठावर नेलें तर हिशेबानें लाभ शेंकडा चारांच्या आसपास. आणि हेड ॲल्युमिनियमचें असल्यानें अधिक घासलें तर तें अशक्त होऊन खडखड व गॅस्केट फुटणें या दोन्ही पीडा मागें लागतात. मोठा कार्बुरेटर, मोकळी धूरनळी आणि झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट यांनीं लाभ खरोखर होतो. १९५३ सालीं फियाटनेंच तें करून दाखविलें. त्याच १०८९ घनसेंटिमीटरांच्या इंजिनांतून साध्या गाडींत ३६, आणि तूरिस्मो वेलोचे नांवाच्या चपळ प्रकारांत ५० अश्वशक्ति तिनें काढल्या. दाब वाढवून व दुहेरी गळ्याचा कार्बुरेटर लावून. पण ही वाढ उंच फेऱ्यांवर मिळते. शर्यतीस ती योग्य. घाटांत मंद गतीनें ओझें ओढणाऱ्यास ती कित्येकदां उलटी पडते, कारण अशा रचनेंत खालच्या फेऱ्यांवर इंजिन पूर्वीहून लुळें होतें. ज्यास हौस आहे त्यानें हौस करावी. मात्र कोणतें बळ, कोणत्या वेगावर, हें आधीं विचारावें.

शिवाय बळाबरोबर ब्रेकही वाढवावे लागतात. ताशीं ६० ऐवजीं ८० वेग झाला तर गाडी थांबविण्याचें काम दीडपट होत नाहीं. तें वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे पावणेदोनपटींहून अधिक होतें. पद्मिनीचे चारी ब्रेक ड्रमचे. उतारावर सतत दाबले तर तापून निकामी होतात. घाट उतरतांना चढतांनाचाच गिअर ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम याचसाठीं आहे. आणि दुसऱ्या गाडीचें मोठें इंजिन आणून बसविण्याचा विचार असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आधीं वाचावें. निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरबदल करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं स्पष्ट केलें आहे. नोंदणीचें नूतनीकरण आणि विमा या दोन्ही ठिकाणीं अशी गाडी अडते.

माघांत पुन्हां कल्याणास जाणें झालें. येतांना पुतण्याच चालवीत होता. समृद्धि महामार्गावरून बोगद्यानें यावें असें सूनबाईंनीं सुचविलें, पण वहिनी म्हणाल्या, "घाटानेंच चला. बघूं तरी." गाडी कांहीं वाऱ्यासारखी गेली नाहीं. दुसऱ्या गिअरवर, एका सुरांत, पाण्याचा कांटा मध्यावर ठेवून ती चढली. त्या वळणावर वहिनींनीं विचारलें, "इथेंच ना रे?" पुतण्या "हो" म्हणाला, आणि गाडी पुढें गेली.

इगतपुरीस चहाकरितां थांबलों तेव्हां भंगाराची गोष्ट कोणी काढली नाहीं, दीडपट ताकदीचीही नाहीं. पुतण्या इतकेंच म्हणाला, "काका, एक अट आहे. डिस्ट्रिब्यूटरला यापुढें तुम्ही हात लावायचा नाहीं." वहिनी हंसल्या. आम्हीं ती अट मान्य केली. आणि वाचकांच्या साक्षीनें ती येथें नोंदवून ठेवीत आहों.